सेकंदाला शहाण्णव हजार वेळा

पाव नंबर गेली एकतीस वर्षं एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा लावलेली एक अंधारी खोली आहे. त्या खोलीत एक उंच खुर्ची, समोर उजळलेला अक्षरांचा तक्ता आणि भिंगांची पेटी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारत सुटायचं, "आता हे बरं, की हे?" दिवसाला वीस-पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाला निदान वीसदा हाच प्रश्न. संध्याकाळी सहाला ते पडदा सारून बाहेर येतात तेव्हा त्यांच्या तोंडात दुसरा शब्द उरलेला नसतो.

पाव नंबर हे नाव पडलं तेही याच खोलीत. दुकानातले बाकीचे लोक अर्ध्या नंबरावर समाधान मानतात आणि पुढच्या माणसाला हाक मारतात. हे मात्र पाव नंबरासाठी हटून बसतात. बाहेर बाकावर माणसं जांभया देतात, मालक घड्याळाकडे बघतो, पण यांचं भिंग काढणं-घालणं चालूच. एकदा कुणीतरी चिडून म्हणालं, "अहो पाव नंबर, आटपा!" तेव्हापासून मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. खरं तर थोडं बरंच वाटतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. गोंधळलेल्या म्हाताऱ्या माणसांशी ते फार गोड वागतात. पहिलं बरं की दुसरं ते कळेनासं झालं की माणूस घाबरतो, आपण नापास होऊ असं त्याला वाटतं. मग हे त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "दोन्ही सारखीच दिसत असतील तर तसं सांगा. तेही उत्तरच आहे. मग आपण तिथंच थांबायचं." हे वाक्य त्यांनी हजारो लोकांना सांगितलं आहे. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं.

घरी त्यांना एक छंद आहे, गाणी रेकॉर्ड करायचा. लेक लग्न होऊन आठ तासांच्या अंतरावरच्या गावी गेली आणि तिची छोटी खोली रिकामी झाली. तिथे त्यांनी एक माइक आणला, माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी एक डबी आणली, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणले. भिंतींना जुन्या रजया टांगल्या. त्या खोलीला ते स्टुडिओ म्हणतात. बायको "ती खोली" म्हणते. तिथे ते स्वतःची गिटार रेकॉर्ड करायचे, पुसायचे, परत रेकॉर्ड करायचे. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग नात झाली. बाळंतपणाला बायको महिनाभर लेकीकडे राहायची होती, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि ती आठ दिवसांत परत आली. नात वीस दिवसांची असताना एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. फोन पाव नंबरांनीच उचलला. मागे बाळ टाहो फोडत होतं आणि लेकीचा आवाजही फारसा निराळा नव्हता.

"बाबा, ही झोपतच नाहीये हो. आईचं ते गाणं रेकॉर्ड करून पाठवा ना. मला झोपवायला गायची ते. मी म्हणायला जाते तर मलाच मध्ये रडू येतं."

ते गाणं बायकोचं स्वतःचं, घरी बसून जुळवलेलं होतं. चार कडवी. घरातली एकेक वस्तू झोपवत न्यायची, एवढीच त्याची युक्ती:

खिडकी झोपली, खुर्ची झोपली,
दारामागची छत्री झोपली,
नळाचा थेंब तेवढा जागा,
झोप म्हणावं, त्याला सांगा.

"उद्या पाठवतो," पाव नंबर म्हणाले. हा उद्या पुढे तेरा महिने चालला.

त्यांना चेष्टा करायची नव्हती, आणि आळसही नव्हता. उलट त्यांच्या मनाला हे फार लागलं होतं. लेक लहान असताना दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असायचं. ते घरी यायचे तेव्हा ती झोपलेली असायची आणि बायको पाय पसरून भिंतीला टेकलेली असायची, गाणं संपवून. तिच्या लहानपणातलं हे एवढं मोठं काम चालू असताना ते एकदाही घरात नव्हते. गाणं त्यांना माहीत होतं ते बायको भांडी घासताना गुणगुणायची म्हणून. आता नातीच्या वेळी तरी आपला हात लागावा, आणि लागावा तर असा की त्यात खोट काढायला जागा राहू नये, असं त्यांनी ठरवलं. एवढं चांगलं ठरवलं नसतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येताच त्यांनी बायकोला माइकसमोर बसवलं. बायको तीस वर्षं एका रुग्णालयाच्या टेलिफोनवर होती. "नमस्कार, कोणता विभाग हवा?" हे तिने इतक्यांदा म्हटलं आहे की माइक, फोन असल्या गोष्टींची तिला भीती नाही. ती बसली, पदर सावरला, आणि चारही कडवी एका दमात गायली. सुरेख गायली. फक्त तिसऱ्या कडव्यात, जिथे आवाज थोडा चढतो, तिथे एक शब्द फाटला. माइकचा जोर जास्त ठेवला गेला होता.

"चालेल की," बायको म्हणाली.

"एक शब्द फाटलाय."

"तिला काय कळतंय? वीस दिवसांची आहे ती."

"मला कळतंय ना."

तिसऱ्या दिवशी त्यांनी जोर कमी केला. आता आवाज इतका लहान आला की मोठा करून ऐकायला गेलं तर मागून खरखरही मोठी होऊन आली. मग ते इंटरनेटवरच्या एका गटाकडे वळले. तिथे त्यांच्यासारखीच घरबसल्या रेकॉर्डिंग करणारी माणसं दिवसरात्र वाद घालत बसलेली असतात. गटाने सांगितलं, तुम्ही सोळा बिटवर रेकॉर्ड करताय, चोवीसवर या.

बिट म्हणजे काय ते पाव नंबरांना चटकन कळलं, कारण ते त्यांच्याच पेटीसारखं होतं. आवाज मोजायच्या पट्टीवर खुणा किती जवळजवळ आहेत, एवढाच तो प्रश्न. सोळा बिटमध्ये पासष्ट हजार खुणा. चोवीसमध्ये एक कोटी सदुसष्ट लाख. खुणा इतक्या बारीक असल्या की आवाज लहान घेतला तरी तो खरखरीत हरवत नाही, आणि लहान घेतल्यामुळे फाटायची भीतीही नाही. सल्ला अगदी बरोबर होता. त्यांनी चोवीस निवडले, बायको पुन्हा गायली, आणि आवाज खरोखरच स्वच्छ आला. पाठवून द्यायचा होता तो त्या दिवशी.

पण गटातल्या एकाने जाता जाता विचारलं, "आणि सॅम्पल रेट किती ठेवलाय?"

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा तो आकडा. यांनी ठेवला होता चव्वेचाळीस हजार शंभर, कारण यंत्राने तोच आपणहून दिला होता. यावरून गटात दोन तट होते. एक तट म्हणायचा, माणसाच्या कानाला एवढा पुरून उरतो. दुसरा तट म्हणायचा, अठ्ठेचाळीसच्या खाली जाणाऱ्याला कान आहेत की नाही याचीच शंका आहे, आणि शहाण्णववर हवा वेगळीच लागते. हवा म्हणजे काय, हे कुणीच सांगत नव्हतं. पाव नंबर त्या शब्दाने घायाळ झाले.

अठ्ठेचाळीसवर बायको गायली तेव्हा एक वेगळीच गंमत झाली. डबी अठ्ठेचाळीसने मोजत होती आणि ऐकताना कॉम्प्युटर चव्वेचाळीसच समजून वाजवत होता. त्यामुळे गाणं सावकाश झालं आणि आवाज जाड झाला. बायकोने दारातून ऐकलं आणि म्हणाली, "हा माझा दादा कधी आला?" पाव नंबर हसले नाहीत. त्यांनी दोन संध्याकाळी घालवून दोन्हीकडचे आकडे जुळवले.

मग एकशे ब्याण्णव हजार. तेवढं मोजता मोजता त्यांचा जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला आणि गाण्यात जागोजागी टिचक्या वाजल्या. मग शहाण्णव हजार. तिथे टिचक्या थांबल्या, पण तोवर त्यांचे कान इतके तयार झाले होते की त्यांना स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू यायला लागला. तो पहिल्या दिवसापासून होताच. आता तो दुश्मन झाला. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिजची वायर काढायची असा नियम निघाला, आणि एका शनिवारी ती परत लावायची राहून गेली. रविवारी सकाळी बायकोने फ्रिज उघडला आणि एक अक्षर न बोलता सगळं पिशवीत भरून खाली नेऊन टाकलं. तिचं ते न बोलणं ऐकायला कुठलाच माइक लागला नसता.

असे महिने जात राहिले. नात मान धरायला लागली, पालथी पडायला लागली, बसायला लागली. त्याचे फोटो येत, ते पाव नंबर दुकानात सगळ्यांना दाखवत. सहाला सुटत, साडेसहाला घरी येत, चहा घेत आणि त्या खोलीत शिरत. दार लावून हेडफोन चढवत. दिवसभर दुसऱ्याला विचारायचे तोच प्रश्न आता स्वतःला. हे बरं, की हे? मागच्या आठवड्याचं चव्वेचाळीसवालं बरं, की कालचं शहाण्णववालं? डोळे चुरचुरत, पाठ धरे. कधी कधी खुर्चीतच डोळा लागे आणि कानात बायकोचं गाणं फिरत राही. एवढं थकून त्यांना कशाचाच आनंद मिळत नव्हता, हे त्यांना दिसत होतं. पण आता इतकं झाल्यावर कसंतरी पाठवायचं म्हणजे आधीची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून ते आणखी मेहनत करत. डिस्क भरली तेव्हा त्यांनी जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकली. त्यात ते पहिल्या दिवसाचंही गेलं.

बायकोलाही ते बोलवत. एका कानाला हेडफोन लावून ती उभी राही.

"हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखीच आहेत."

"नीट ऐक गं. पहिल्यात थोडी हवा नाही वाटत?"

"मला पायात मुंग्या वाटतायत. जाऊ मी?"

जिच्या आवाजाबद्दल बोलणं चाललं होतं तीच सांगत होती, दोन्ही सारखीच. दुकानातल्या खुर्चीतल्या परक्या म्हातारीने हे म्हटलं असतं तर यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिथल्या तिथे नंबर लिहून दिला असता.

गायला मात्र ती प्रत्येक वेळी बसली. विसाव्या वेळेला ती म्हणाली, "गाणं म्हणतेय की कडू औषध घेतेय तेच कळेना झालंय." पण बसली. आवाज दमलेला यायला लागला होता आणि यांना वाटत होतं की ती माइकची चूक आहे. त्यांनी माइक चार बोटं पुढे घेतला.

लेक सुरुवातीला विचारायची, "बाबा, झालं का?" मग तिने विचारणं सोडलं. पाव नंबरांनी त्याचा अर्थ काढला की पोरगी समजूतदार आहे, घाई करत नाही.

शेवटी तेराव्या महिन्यात, एकतिसाव्या खेपेला, ते जमलं. सेकंदाला शहाण्णव हजार वेळा, चोवीस बिट, फ्रिज बंद, वरच्या मजल्यावरचे लोक परगावी. हेडफोनमध्ये त्यांना बायकोचा श्वास ऐकू आला, ओठ उघडल्याचा आवाज ऐकू आला. त्यांनी तीनदा ऐकलं आणि पुसायला काहीच सापडलं नाही. त्यांना रडूच आलं. थकव्याचं की आनंदाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि त्याच आठवड्यात लेक नातीला घेऊन पाच दिवसांसाठी राहायला आली.

आता पाठवायचं कशाला, समोरच ऐकवू. पाव नंबरांनी त्या खोलीतून माइक, तारा, रजया सगळं काढलं, लेकीचा पलंग झटकला, कोपऱ्यात चांगला स्पीकर ठेवला. पहिल्या संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी नात डोळे चोळायला लागली. लेकीने तिला पलंगावर निजवलं, दिवा मंद केला. पाव नंबरांनी बटण दाबलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. लेक लहान असताना ते उभे राहिले नव्हते, तसे.

गाणं सुरू झालं. खोलीत बायको येऊन बसली आहे असंच वाटावं इतकं खरं. नातीने डोळे उघडले. ती उठून बसली. आवाज कुठून येतोय ते तिने शोधून काढलं, पलंगावरून खाली उतरायचा हट्ट केला, स्पीकरपाशी रांगत गेली आणि त्याच्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. दुसऱ्या कडव्याला ती खिदळत होती. चौथ्याला तिने स्पीकरची जाळी चाटून बघितली. गाणं संपलं तेव्हा घरात तिच्याइतकं जागं कुणीच नव्हतं.

"छान झालंय हो बाबा," लेक म्हणाली. "खूपच छान झालंय." आणि तिने नजर दुसरीकडे वळवली.

"नवीन आहे ना तिला. परत लावू?"

"नको. आता दमलीय ती. राहू दे आज."

पाव नंबर बाहेर आले, पाणी प्यायले, खुर्चीत बसले. आतून नातीची कुरकुर ऐकू येत होती, मग ती कुरकुर रडण्यावर आली. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत निघाली. ती नातीच्या खोलीत जाईल असं त्यांना वाटलं. पण ती गेली आपल्या झोपायच्या खोलीत, आणि तिने दार लोटून घेतलं. दुसऱ्याच क्षणी लेकीच्या खोलीत फोन वाजला.

पाव नंबर उठले आणि दोन खोल्यांच्या मधल्या बोळात जाऊन उभे राहिले. लेकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. नात उशीवर कुशीला वळली होती. तिच्या कानाजवळ लेकीचा फोन होता आणि नातीने आपला तळवा त्याच्यावर पालथा ठेवला होता, हे कसं करायचं ते पूर्ण माहीत असल्यासारखा. फोनमधून बायकोचा आवाज येत होता. बारीक, चेपलेला, नाकातून आल्यासारखा.

खिडकी झोपली, खुर्ची झोपली...

भिंतीपलीकडून तोच आवाज येत होता, तिचा स्वतःचा. भिंतीपलीकडून आधी आणि फोनमधून क्षणभर मागून. ते दोन्हींच्या मधे उभे होते. साधा फोन, त्यांच्या मनात आपोआप आकडा आला, सेकंदाला आठ हजार. त्यांच्या गाण्याचा बारावा हिस्सा. हवा तर नाहीच, वरचे सगळे सूर कापलेले. आणि नातीच्या पापण्या जड होत होत्या.

चार कडवी झाली. गाणं संपायला हवं होतं. पण ते पुढे चालूच राहिलं. लिफ्ट झोपली, जिना झोपला, ओट्यावरचा चमचा झोपला. पाव नंबरांनी हे कधी ऐकलं नव्हतं. मग एक कडवं लेकीच्या शेजारणीच्या मांजरीचं. एक नातीच्या पहिल्या दाताचं, तो एकटाच झोपलाय म्हणून. एक तापाचं, तो आला आणि गेला म्हणून. त्यांच्या लक्षात आलं की हे गाणं वर्षभर वाढत होतं आणि त्यांनी रेकॉर्ड केलं ते त्याच्या मागचं, जुनं होतं. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "आजोबांच्या..." आणि त्याच वेळी लेक फोनकडे वाकून हळूच म्हणाली, "झोपली, आई." आवाज तिथल्या तिथे थांबला. ओळसुद्धा पुरी झाली नाही.

लेक बाहेर आली तर बाबा बोळात. तिने दार ओढून घेतलं.

"अहो बाबा, आई मुद्दाम नाही... म्हणजे तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही काही बोललो नाही. तिला तशीच सवय लागलीय. दुपारी आई समोर बसून गायली तर ती खेळायलाच लागली. फोन लागतो तिला."

"बरोबर आहे," पाव नंबर म्हणाले. "बरोबर आहे."

ते झोपायच्या खोलीत गेले. बायको पलंगाच्या कडेला बसून गुडघे चोळत होती. मांडीवर फोन.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुम्ही तो शब्द फाटला म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पोरगी रडत होती फोनवर. म्हटलं, रेकॉर्डिंग होईल तेव्हा होईल, तोवर मी म्हणते."

"रोज?"

"रोज साडेसातला. ताप होता तेव्हा दोनदा."

पाव नंबरांनी मनात हिशोब केला आणि तो करायला नको होता. साडेसातला ते रोज घरीच असायचे. मधे एक भिंत, एक बंद दार. लेकीच्या वेळी निदान दुकान तरी आडवं यायचं.

"मला एकदा बोलवायचंस तरी," ते म्हणाले. आवाजात थोडा राग आला, कारण दुसरं काय आणावं ते त्यांना सुचलं नाही.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. "हाक मारत होते की. पहिले पंधरा दिवस रोज मारली. अहो, या, ती ऐकतेय, बघा कशी गप्प झालीय. तुमच्या कानात माझंच गाणं चालू असायचं. मग सोडून दिलं."

त्यांना आपली लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त, उपाशी राहिल्यासारखं वाटलं. आपल्याच घरात वर्षभर रोज पंगत उठत होती आणि आपण दारात बसून ताटं पुसत होतो, असं काहीतरी.

मग त्यांनी विचारलं, "ते आजोबांचं काय होतं?"

"काही नाही. आहे एक कडवं. नववं."

दुसऱ्या दिवशी पाव नंबरांनी दुकानात एका बाईंना विचारलं, "आता हे बरं, की हे?" बाई म्हणाल्या, सारखंच वाटतंय. यांनी खांद्यावर हात ठेवला, पण पुढचं नेहमीचं वाक्य तोंडातून निघालं नाही. नुसता नंबर लिहून दिला. सहाला ते सुटले, वाटेत कुठे न थांबता घरी आले, आणि सातपासूनच झोपायच्या खोलीत पलंगावर जाऊन बसले. हात मांडीवर, कान मोकळे. शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या मुलाइतके नीट बसले.

साडेसातला बायको आली. त्यांना तिथे बघून तिच्या कपाळाला बारीक आठी पडली. तिने त्यांना थोडं सरकायला लावलं, बसली, फोन लावला. पलीकडून लेक म्हणाली, "हं, आई." आणि बायको गायला लागली.

इतक्या जवळून, मधे काही न घालता, पाव नंबरांनी हे गाणं पहिल्यांदाच ऐकलं. आवाज घोगरा होता. दिवसभराचा दमलेला होता, श्वास मधेच तुटत होता, आणि खिडकी म्हणताना ती खरंच खिडकीकडे बघत होती. एकतिसाव्या रेकॉर्डिंगमध्ये यातलं काही नव्हतं. ते हलले नाहीत. ते नवव्या कडव्याची वाट बघत होते. वर्षभर ते तिकडे आकडे निवडत असताना इकडे त्यांच्याबद्दल काय म्हटलं जात होतं, ते त्यांना ऐकायचंच होतं. चांगलं असो, वाईट असो.

पहिलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीला फोनमधून कुजबुज आली, "झोपली, आई."

बायकोने फोन बंद केला आणि पालथा ठेवला.

"एवढ्यात?"

"हल्ली तिसऱ्यालाच झोपते. काल नवीन जागा, वर तुमचा स्पीकर, म्हणून तेवढं लांबलं. सहा महिन्यांची होती तेव्हा सगळी लागायची. आता मोठी होतेय ती. अजून दोनेक महिन्यांनी हेही लागायचं नाही."

"मग पुढचं म्हण ना."

"झोपली ना ती."

"मला ऐकायचंय. ते नववं."

बायको हातांचा रेटा देऊन उठली. रागावलेली नव्हती. राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

"एकतीस वेळा तुमच्यासाठी गायले हो त्या खोलीत," ती म्हणाली. "दमले आता." आणि ती स्वयंपाकाला गेली.